गाळावर सव्वीस मिनिटं

तक्ता बदललेला होता. एवढंच झालं. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये वर्षातून एकदा तपासणी होते, टेबलावर पांढरी चादर, वजनकाटा, रक्त घेणारी दोन मुलं आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला अक्षरांचा तक्ता. गुरुवारी मी मुद्दाम रांगेत मागं थांबलो होतो. पुढचा प्रत्येक जण एक डोळा तळहातानं झाकून मोठ्यानं वाचायचा आणि मी ऐकून ऐकून खालच्या तीन ओळी घोकत होतो. बावीस वर्षं शेंद्र्याच्या या कारखान्यात डोळ्यांनी माल पास करणारा माणूस मी. पट्ट्यावरून सरकत जाणाऱ्या ओतीव भागावरचं केसाएवढं छिद्र मला उभ्या उभ्या दिसतं, म्हणून शॉपमधली पोरं मला भिंगसाहेब म्हणतात. माझी पाळी आली आणि नर्सबाईंनी तक्ता खिळ्यावरून काढून उलटा टांगला. मागच्या बाजूला दुसरी अक्षरं होती. ते मला कळलंच नाही. मी डावा डोळा झाकला, उजवा समोर लावला आणि झोकात तिन्ही ओळी म्हणून टाकल्या. बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "काका, तक्ता तर मी आत्ता फिरवला. तुम्ही कुठला वाचताय?" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मीही हसलो, चष्मा घरी राहिला म्हणालो. त्यांनी कागदावर लाल पेनानं 'सोमवारी पुन्हा' लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

आज रविवार आहे. सकाळचे दहा वाजून बारा मिनिटं झालीत, मे महिना आहे, आणि मी एका आटलेल्या पाझर तलावाच्या पोटात उभा आहे. मला पाऊल उचलता येत नाही. पायाला काही झालेलं नाही. माझ्या आसपास, एक-दोन पावलांच्या आत, कुठंतरी आर्लीची अंडी आहेत आणि ती मला दिसत नाहीत.

छोटी आर्ली म्हणजे मुठीत मावेल असा पक्षी. रंग वाळलेल्या गाळाचा, पाय आखूड, उडायला लागली की पाकोळीच वाटते. जायकवाडीच्या पाण्याकाठी ती असते, पण शेंद्र्याच्या पलीकडच्या या एवढ्याशा तलावावर आम्हा पक्षी बघणाऱ्यांपैकी कुणी तिला कधी पाहिली नव्हती. आणि इथं ती अंडी घालत असेल तर आमच्या वहीत ते पहिल्यांदाच लिहिलं जाईल. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, मुरूम आणि शिंपल्यांचा चुरा उघडा पडतो, त्यातच ती छातीनं एक खळगी करते आणि सुपारीहून जराशी मोठी, ठिपक्याठिपक्यांची दोन-तीन अंडी घालते. घरटं म्हणून काडीसुद्धा ठेवत नाही. ऊन तापलं की पाण्यात पोट भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. त्याच ओलीवर अंडी जगतात. ती उठली आणि परत बसली नाही, तर या मुरमावर अंडी उकडून निघायला फार वेळ लागत नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पंधरा वर्षं मीच नव्या लोकांना सांगत आलोय: पक्षी लंगडायला लागला, पंख जमिनीवरून ओढायला लागला, की समजायचं ही थाप आहे, आपण अंड्यांपाशी आहोत. जागच्या जागी थांबायचं, पायाखाली बघायचं, आलो त्याच वाटेनं मागं फिरायचं. आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधीचा नियम मीच घातलेला आहे, की उन्हाळ्यात कुणी तलावाच्या पोटात उतरायचंच नाही, बांधावरूनच बघायचं.

मी उतरलो, कारण बांधावरून मला ती दिसली नाही. जहांआरा मॅडमना दिसली. मॅडम शहागंजच्या एका शाळेत विज्ञान शिकवतात, मूळच्या खुलताबादच्या, आणि आमच्या पक्षी बघणाऱ्या मंडळींची नोंदवही त्यांच्याकडं असते. सहा वाजल्यापासून आम्ही दोघं फिरत होतो, बाकीचे उन्हाला भिऊन आलेच नव्हते. बांधावर तिकाटणं रोवून त्यांनी मोठी दुर्बीण लावली आणि एकदम माझा हात धरला. "सर, आर्ली वाटतेय. छोटी. तुम्ही बघा बरं, तुम्ही बोला म्हंजे झालं." मी डोळा लावला. समोर ऊन थरथरत होतं, आणि त्या थरथरीच्या बरोबर मधोमध, जिथं पक्षी असायला हवा, तिथं राखाडी काहीतरी पसरलेलं होतं, पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसावं तसं. "हो, तीच," मी म्हणालो. मग म्हणालो, "फोटो जवळून हवा. मी जरा खाली जाऊन येतो." मॅडमनी माझा हात सोडला. "आपलाच नियम हाये ना सर?" "दहा पावलं जातो फक्त," मी म्हणालो, आणि दीडशे गेलो.

घाम भुवईवरून उजव्या डोळ्यात उतरतोय. तो मी पुसत नाही. हात हलला की तोल जाईल असं उगाच वाटतं. आर्ली माझ्यापुढं पंधरा-वीस हातांच्या अंतरावर पालथी पडली होती, एक पंख उघडा टाकून, आणि मी समजलो ऊन खात बसलीय. आणखी सहा पावलं टाकली. मग ती उठली, घसटत गेली, पुन्हा पडली, दुसरा पंख टाकला, आणि तेव्हा मी जागच्या जागी थांबलो. पंधरा वर्षं शिकवलेली गोष्ट माझ्यासमोर घडत होती आणि ती ओळखायला मला सहा पावलं लागली. आता ती वर घिरट्या घालते आहे, तिच्याबरोबर दुसरीही आहे, दोघींचं चिरचिरणं डोक्यावरून जातं आणि परत येतं. मागं फिरायचं तर मुरमावर बुटाचा ठसा उमटत नाही. मी कुठून आलो ते मला ठाऊक नाही. हललो तर पायाखाली जातील, उभा राहिलो तर उन्हानं जातील. मनगटावरचे काटे कडेच्या नजरेनं जेमतेम कळतात. दहा वाजून सोळा.

मी खाली बघतो. दोन बुटांच्या मधला भाग, मग डावीकडचा, मग उजवीकडचा, मग टाचांमागचा, कारखान्यात तपासतो तसा चौकोन पाडून. पण आताशा असं होतं की बाजूचं सगळं दिसतं आणि बघायला गेलं की जातं. डाव्या कडेला काहीतरी गोलसर जाणवतं. मान वळवतो. तिथं नुसता डाग. मान परत सरळ करतो, गोलसर काहीतरी परत कडेला येतं. ते अंडं असेल, खडा असेल, शिंपला असेल. सुरुवात बाथरूममधल्या फरशांपासून झाली. होळीच्या आधी एका सकाळी दोन फरशांमधली रेघ मला वाकलेली दिसली आणि मी गवंड्याला मनात शिव्या दिल्या. मग दारची चौकट वाकली, मग रस्त्यावरचे विजेचे खांब. जालना रोडवर पुढच्या गाडीच्या नंबरातला मधला आकडा गायब. टीव्ही सेंटरजवळच्या एका डॉक्टरनं डोळ्यात थेंब घालून दोन तास बसवलं आणि सांगितलं, उजव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. काहींचं आपोआप ओसरतं, काहींचं डाग ठेवून जातं. "डावा डोळा तर तुमचा लहानपणापासूनच मंद दिसतोय," तो म्हणाला, "म्हणजे आजवर सगळं काम एकट्या उजव्यानंच केलं." मला त्या उजव्या डोळ्याची दया आली, घरातल्या एकट्या कमावत्याची यावी तशी. बाहेर येऊन मी उसाचा रस प्यालो आणि कुणालाच काही सांगितलं नाही.

संध्याला, माझ्या बायकोला, सांगावं लागलंच नाही. एका सकाळी मी चहा कपाच्या बाहेर ओतला. तिनं फडक्यानं पुसला, आणि दुसऱ्या दिवसापासून माझा कप अर्धा भरून तीच पुढं ठेवायला लागली. आठ दिवसांनी म्हणाली, "तुमच्या घराण्यात सांगायची पद्धतच नाय का हो?" मला राग आला, कारण ते खरं होतं. माझे वडील कडुबा लासूर स्टेशनला रेल्वेत होते. खांद्यावर हातोडा टाकून रोज रुळावरून चालत जायचे, एकेक खीळ बघत. मी नववीत असताना ते डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, आणि त्यांना लाइनीवरून काढून ऑफिसात माठ भरायला ठेवलं. घरी त्यांनी महिनाभर सांगितलंच नाही. तोच निळा डगला घालून, तोच हातोडा घेऊन पहाटे निघायचे. एकदा डबा राहिला म्हणून मी धावत स्टेशनवर गेलो, तर ते ऑफिसच्या मागं नळाखाली कळशी धरून उभे, आणि हातोडा भिंतीला टेकवलेला. मला बघून ते ओशाळले नाहीत, चिडलेही नाहीत. नुसतं म्हणाले, "घरी बोलू नको." मी बोललो नाही. त्यांना वाटलं असेल पोरगं शहाणं आहे. मला आज वाटतं, मी तेव्हा बोलायला हवं होतं. एवढा जड हातोडा बिचाऱ्यांनी महिनाभर उगाच वाहिला.

फोन थरथरतो. मॅडम. मी कोपर अंगाला चिकटवून तो कानापर्यंत नेतो. "सर, काय झालं? लई वेळ झाला, पक्षी वरच हैत दोन्ही. वापस या ना." मी म्हणतो, "अंडी आहेत इथं." "अल्ला. कुठं?" बघा, इथंच मी बोलायला हवं होतं. प्रश्न सरळ होता. "बघतोय," मी म्हणतो. "मी येऊ का खाली?" "नको, नको. आणखी दोन पाय नकोत. दुसऱ्या जोडीचीही असतील वाटेत." "मग तुम्ही तरी निघा सर, दहा वाजून एकवीस झाले. ऊन बघा किती हाये." मला त्यांचा राग येतो. ऊन मला कळत नाही का? मग मला माझाच राग येतो आणि तो जास्त जड असतो.

मला भीती कशाची वाटते आहे ते मी स्वतःला नीट सांगून बघतो. नोकरीची आहेच. सोमवारी तक्ता पुन्हा असेल, आणि पाठांतर आता चालणार नाही. पण या घडीला नोकरी लांब आहे. मला भीती वाटते ती बांधावरच्या त्या बाईची. आमच्या मंडळींत मॅडमचा एक खाक्या आहे, फोटो नाही तर पक्षी नाही. कितीही मोठा माणूस असू दे, दुर्मीळ पक्ष्याची नोंद फोटोशिवाय त्या वहीत घेत नाहीत. एका निवृत्त साहेबांनी त्यावरून येणं सोडलं. अपवाद एकच. "साळवे सर बोलले ना? मग लिहा." मी इंद्रजीत साळवे, ना शास्त्रज्ञ ना साहेब, बारावी आणि आयटीआय, आणि माझा नुसता शब्द त्या वहीत फोटोच्या जागी चालतो. बापाला कळशी भरताना बघितलेल्या माणसाला हे काय वाटत असेल ते दुसऱ्याला समजायचं नाही. आणि होळीपासून मी त्या शब्दावर काय काय लिहून घेतलंय! मार्चमधला तो काळा करकोचा. एप्रिलमध्ये रंगीत पखुर्डीची जोडी. दिसलं होतं काहीतरी. आकार होता, उडण्याची तऱ्हा होती, बाकीचं बावीस वर्षांच्या सवयीनं मी स्वतःच भरून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो. पण डोळ्यांनी पाहिलं असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

दहा वाजून सव्वीस. आर्लीचं चिरचिरणं आता तुटक येतंय, मधूनच ती लांब पाण्याकडं जाते. मला कळतं ती काय करते आहे. पोट भिजवून येते, मी हललेलो नाही हे बघते, आणि घिरट्या घालता घालता तिचं पोट वाळून जातं. चार वेळा झालं. एवढा लहान जीव, आणि मी पावणेसहा फुटी खांब तिच्या वाटेत रोवलेला. मला रडू येतं की घामच आहे, कळत नाही. मग एकदम सुचतं, फोनमध्ये कॅमेरा आहे. हे पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण बघण्याच्या बाबतीत मदत घ्यायची सवयच नव्हती. मी फोन उलटा धरतो, बुटांच्या चारी बाजूंना, मान न वळवता, एकामागून एक सात फोटो काढतो आणि मॅडमना पाठवतो. पडद्यावर पाठवण्याचं चक्र गोल फिरत राहतं. मग एकच खूण, म्हणजे तिकडं पोचलेले नाहीत. इथं रेंज येते-जाते. कंपनीच्या टॉवरकडं तोंड केलं तर येते, पण तोंड फिरवायचं तर पाय फिरवावा लागेल. मी कमरेतून वळतो, फोन डोक्यावर धरतो. बांधावरून कुणी बघत असेल तर माणूस हात वर करून शरण आलाय असंच वाटेल.

फोन वाजतो. "दिसली!" मॅडम ओरडतात. "सर, दोन हैत. तिसऱ्या फोटोत. डाव्या बुटाच्या मागं, टाचेपासून चार बोटांवर. काय सुंदर हैत! दिसली ना तुम्हाला?" मी मान मागं वळवून बघतो. टाचेमागं मुरूम आहे. मुरमाच्या मधोमध माझा डाग आहे. सहा वेळा मी त्याच जागेवरून नजर फिरवली होती. "हो," मी म्हणतो, "दिसली." तोंडातून गेलं, चष्मा घरी राहिला म्हणालो होतो तितक्याच सहज. "शुकर है," त्या म्हणतात. "मग निघा आता. लवकर निघा." आणि फोन कानाला तसाच धरून वाट बघतात.

मी डावा पाय उचलतो. टाच वर येते, चवडा सुटतो, आणि पाय हवेत असतानाच कळतं की आता तो कुठं ठेवायचा ते मला माहीत नाही. पुढं टाकला तर पुढं काय आहे? मॅडमनी मागची दोन पाहिली, पुढचं त्या काही बोलल्या नाहीत, कारण मला दिसतंय असं मी सांगून बसलो. जिथून उचलला तिथंच परत ठेवावा तर ती जागा नेमकी कुठली, चार बोटं इकडं की तिकडं? उजवा पाय थरथरायला लागतो. पंचावन्न वर्षांचा माणूस एका पायावर, भर उन्हात, कानाला फोन. पोटरीत गोळा चढतो. खाली टाचेमागं दोन जीव आहेत, माझ्या एका खोट्या शब्दाच्या अंतरावर, आणि तो शब्द परत घेतल्याशिवाय मला पाय टेकवता येणार नाही. इतकी साधी गोष्ट आहे.

"मॅडम," मी म्हणतो, "मला दिसत नाहीत."

"काय?"

"अंडी. दिसली म्हणालो ते खोटं होतं. माझा उजवा डोळा गेलाय, होळीपासून. डाव्याला कधीच नीट दिसत नव्हतं. पाय हवेत आहे माझा. कुठं ठेवू सांगा."

मी सेकंद मोजत नाही, पण पोटरी मोजते. मग त्यांचा आवाज येतो, वर्गातला, पहिल्या बाकावरच्या मुलाशी बोलावा तसा. "बिलकुल घाबरू नका. पहिल्या फोटोत पुढची जागा साफ हाये, मी मोठा करून बघितला. डावा पाय सरळ पुढं. अजून. अजून थोडा. टेका." मी टेकतो. कसलाच आवाज होत नाही. "आता उजवा त्याच्या जवळ. शाब्बास. आता फोन खाली धरा, पुढचा फोटो पाठवा." असे आम्ही, अंड्यांना लांबून वळसा घालत, बांधाकडं निघालो. एक फोटो, दोन पावलं, थांबायचं, रेंज यायची वाट बघायची. पंधरा पावलांवर त्या म्हणाल्या, "बस, इथून पुढं नुसता गाळ हाये, या आता." मी आलो. बांध चढताना त्यांनी हात पुढं केला आणि मी तो धरला. एरवी धरला नसता.

"किती वेळ झाला?" मी विचारलं. "ती उठली दहा-बाराला. अजून बसली नाय." त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला. मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि मुरमाच्या त्या राखाडी थरथरीकडं तोंड करून राहिलो. "उतरली," त्या म्हणाल्या. "पोट ओलं हाये तिचं, काळं दिसतंय. चालतेय. थांबली. सर, बसली. बसली ती. चोच उघडून बसलीय." मी घड्याळ त्यांच्यापुढं धरलं. "दहा अडतीस," त्यांनी वाचलं. "सव्वीस मिनिटं," मी म्हणालो. "जगतील का हो?" त्यांनी विचारलं. आजवर असं काही विचारलं की मी उत्तर द्यायचो. "सांगता येत नाही," मी म्हणालो. त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मग म्हणाल्या, "तो काळा करकोचा?" "खोडा," मी म्हणालो. "आणि पखुर्ड्या?" "त्याही खोडा. होळीनंतर माझ्या एकट्याच्या शब्दावर घेतलेलं सगळं खोडा." त्यांनी वही काढली खरी, पण मागची पानं उलटली नाहीत. कोरं पान काढलं. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते मला, कडेनं का होईना, दिसलं.

त्यांनी तारीख लिहिली, तलाव लिहिला, छोटी आर्ली, दोन अंडी. निरीक्षकाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "तुमचं," मी म्हणालो. "आणि शेऱ्यात लिहा: साळवे नियम मोडून खाली उतरले. पक्षी सव्वीस मिनिटं अंड्यांवर नव्हता. अंडी साळवेंच्या टाचेपाशी होती, पण त्यांना दिसली नाहीत." त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, दुसरं लिहिलं. तिसऱ्याला थांबल्या. "सर, वही सगळे वाचतात."

"म्हणूनच लिहा," मी म्हणालो. "आणि वाचून दाखवा."

त्यांनी लिहिलं, आणि मला वाचून दाखवलं.